इंदू, मारबत आणि काचेचं कपाट

इंदू,

गेल्या आठवड्यात संग्रहालयात तुझी शोकसभा झाली. चष्मा नाकावर घसरलेला तुझा तो फोटो मोठा करून ठेवला होता. त्याला काच नव्हती, आणि झेंडूचा ओला हार थेट कागदावरच चढवला होता. भाषणं चालली होती, सगळे माना खाली घालून बसले होते आणि मी मात्र त्या हाराकडे बघत होते. ओली फुलं, खाली फोटोचा कागद, वर श्रावणातली दमट हवा. तू असतीस तर साहेबांचं भाषण अर्ध्यावर तोडून उठली असतीस. शेवटी मीच उठले, हार बोटभर पुढे ओढला आणि मागे एक पुठ्ठा सरकवला. लोकांना वाटलं मी पाया पडायला गेले. शेजारच्या बाईंनी तर पदरानं डोळे पुसले.

तिथे जे बोललं गेलं ते बरंचसं खरं होतं, पण त्यातली बाई मी ओळखली नाही. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, मितभाषी. मितभाषी म्हणे! हे बोलणारे गृहस्थ तुझ्याबरोबर कधी डबा खायला बसलेले नसावेत. मागच्या व्हरांड्यात भाकरीचा एक घास आणि भांडणाची दहा वाक्यं, असं आपलं जेवण चालायचं. आपण दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. मी लोकांना दालनं फिरवून दाखवणारी आणि तू वस्तूंच्या दुखण्याखुपण्याची डॉक्टरीण. बुरशी, वाळवी, गंज, तडे हे सगळे तुझे पेशंट. मी लोकांना जवळ बोलवायची, तू त्यांना लांब हाकलायचीस. भांडण तर तिथूनच सुरू झालं.

पण खरं भांडण एकच होतं आणि ते शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. तुला एक मारबत हवी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कामट्यांच्या, कागदाच्या या बाया मिरवत नेतात, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात आणि गावाबाहेर जाळून टाकतात. त्यातली एक तुला जाळण्याआधी हवी होती, संग्रहालयात, काचेच्या कपाटात, कायमची. आणि मी मारबत बनवणाऱ्या गल्लीतली. मी म्हणायची, जळत नाही ती मारबत कसली? तू म्हणायचीस, जळून गेली की तुम्ही उद्या पोराला दाखवणार काय, राख?

तू विलायतेहून वर्षभराचा कोर्स करून आलीस त्या दिवसापासून हे वेड वाढलं. येताना साड्या-बिड्या काही आणल्या नाहीस. आणले ते पांढरे सुती हातमोजे, आणि हवेतला ओलावा मोजायचं एक घड्याळ. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, तू मोजे घालून दालनातून फिरायचीस. आपल्या शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाईंना हाताला काही झालं आहे का, माझ्या साल्याला असंच झालं होतं, खापरखेड्याला एक वैद्य आहे. मी तुला तसं सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की ते घड्याळ हातातून पडता पडता राहिलं.

त्या घड्याळावरून तुझ्या ध्यानात आलं की पुस्तकं विलायतेची आहेत आणि हवा नागपूरची. तिकडचे लोक ओलाव्याला घाबरतात, इकडे उन्हाळ्यात लाकूड कोरडं पडून फुटतं. मग तू लाकडी वस्तूंच्या दालनाला वाळ्याच्या ताट्या लावून घेतल्यास आणि दोन वेळा पाणी मारवलंस. साहेबांना वाटलं, बायकांना गार हवा पाहिजे म्हणून हे नखरे. तू त्यांना ऐकवलंस की ताट्या आतल्या लाकडी खांबांसाठी आहेत, आम्ही नुसत्या खांबांच्या शेजारी बसतो.

तुझ्या तिकडच्या वर्गातल्या लोकांच्या गोष्टी मी त्या वाळ्याच्या वासातच ऐकल्या. तुमची इंग्रज मास्तरीण सांगायची, तडा गेला असेल तर तडाही जपा, आपली डागडुजी लपवू नका, उद्या कुणाला ती काढता आली पाहिजे. न्यूझीलंडची एक मुलगी तळघरातल्या कोरीव खांबापुढे उभी राहून आधी आपलं नाव, गाव, घराणं सांगायची, कारण तो खांब तिच्या लेखी आजोबा होता, आणि आजोबांना न विचारता हात कसा लावायचा? आफ्रिकेतल्या एका उंच माणसाच्या गावात मातीची मोठी मशीद होती. दर वर्षी पावसानं ती धुपायची आणि दर वर्षी सगळा गाव मिळून ती सारवायचा, आपण सणाआधी घर सारवतो तशी. आणि तुझा तो जपानी मित्र, देवळं बांधणाऱ्या सुतारांच्या घरातला. त्यांच्याकडे एक देऊळ आहे म्हणे, दर वीस वर्षांनी शेजारी तसंच्या तसं नवं बांधतात आणि जुनं मोडतात, आणि तरी ते हजार वर्षांहून जुनं समजतात. तू त्याच्याशी तासन्‌तास भांडलीस. मग जुनं काय राहिलं, असं विचारलंस. तो म्हणाला, सुताराचे हात.

मी लगेच म्हटलं की हा माणूस आमच्या गल्लीतला दिसतो. तू डब्याचं झाकण आपटलंस.

गोऱ्यांचं बरं आहे, असं मी तुला चिडवायची. दुसऱ्यांचे देव उचलून न्यायचे आणि मग मोजे घालून धरायचे. तूही काही कमी नव्हतीस. "अन् तुमचं बरं आहे वं?" म्हणालीस. "देव घरीच ठेवता, अन् उंदराईले खाऊ देता." हा टोला बरोबर बसला होता, त्याची पावती आज घे.

तुझ्या नारळाच्या दगडाची गोष्ट मी शोकसभेत सांगणार होते, पण साहेबांनी घड्याळ पाहिलं. उमरेडकडून रविवारी एसटी भरभरून माणसं यायची, फाटकातच चपला काढायची आणि पहिल्याच मूर्तीच्या पायावर नारळ फोडायची. तू पाट्या लावून पाहिल्यास, ओरडून पाहिलंस. मग एक दिवस तू बागेतून एक साधा काळा दगड उचलून दारात ठेवलास आणि वर लिहिलंस, नारळ इथे फोडावा. मूर्ती वाचली. तू आठवडाभर मिरवत होतीस. महिन्याभरात त्या दगडाला शेंदूर लागला, पुढच्या महिन्यात हार, आणि मग कुणी तरी त्याला डोळेही बसवले. लोक दगडाला नमस्कार करून तिथूनच परत जायला लागले. तू कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "आता ह्यालेही काचेत घालू काय?" मी म्हटलं, घाल, आणि बाहेर दुसरा दगड ठेव.

तुझे बाबा आले तो दिवस मात्र थट्टेचा नव्हता. छप्पन्न साली तुझ्या घरानं धम्म घेतला तेव्हा त्यांनी घरातले सगळे देव टोपलीत घालून कन्हानच्या पाण्यात सोडले होते. आणि त्यांची लेक सरकारी पगारावर विष्णूच्या कानातली धूळ मऊ ब्रशनं काढत बसलेली. ते काठी टेकून बराच वेळ बघत राहिले. तुझा ब्रश थांबला. तू त्यांच्याकडे न बघताच म्हणालीस की तुम्ही सोडले अन् मी पुसून राहिली, राग येते काय? ते म्हणाले, "आम्ही सोडले ते आमचं काम होतं. तू सांभाळून राहिली, हे तुझं काम. सांभाळ. हात मात्र नको जोडू." मग ते बुद्धाच्या दगडी मस्तकापुढे गेले आणि याला काचेत कशाला कोंडलं, म्हणून तुझ्याशीच भांडू लागले. भांडायची सवय तुला कुठून लागली ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी तुला कधी "जुनं जपणारी" म्हणून चिडवलं नाही. जपणं आणि पुजणं यांच्यात जी जागा असते तिथे तू एकटी उभी होतीस आणि मजेत उभी होतीस. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

मारबतीचं घोडं तू पुढे दामटलंसच. आमच्या गल्लीची मारबत नामदेवकाका बनवायचे. लकडगंजातून बांबू आणायचे, कामट्या काढायचे, अंगणातच तिचं हाड उभं राहायचं. तू त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलीस. चहा प्यायलीस, त्यांच्या नातीचा अभ्यास घेतलास आणि शेवटी त्यांना पटवलंस की पोळ्याच्या आधी पंधरा दिवस मारबत संग्रहालयात राहील, शहरातले लोक बघतील, आणि मिरवणुकीच्या सकाळी परत मिळेल. सायकलरिक्षात तिला आडवी घालता येईना, म्हणून उभीच बसवली आणि तू शेजारी तिच्या कमरेला हात घालून बसलीस. चौकातल्या पोलिसानं सगळी वाहनं थांबवून तुम्हा दोघींना वाट दिली. त्याला वाटलं तू कुणा आजारी बाईला दवाखान्यात नेते आहेस.

आणि काय गर्दी लोटली! त्या वर्षी आमच्या गल्लीत कावीळ होती. पिवळ्या डोळ्यांची पोरं कडेवर घेऊन बाया संग्रहालयात येत होत्या, कारण मारबत तिथे होती आणि दुखणं तिला सांगायचं होतं. तू "हात लावू नये" ही पाटी लावून तिच्याजवळ उभी राहायचीस आणि बाया काचेवरूनच पोरांचा हात फिरवायच्या. तू कापूर ठेवलास, किडीचं औषध मारलंस, कागद जिथे सुटला होता तिथे आतून पट्टी चिकटवलीस. आणि मग तू ती चूक केलीस, जी आपल्या धंद्यातला माणूसच करू जाणे. हाताच्या सवयीनं तू तिच्या टाचेवर बारीक ब्रशनं नोंदणी क्रमांक घातलास.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, गल्ली ढोल घेऊन फाटकात आली, तेव्हा साहेबांनी टाच पाहिली. क्रमांक पडला म्हणजे वस्तू सरकारची झाली. सरकारी वस्तू जाळायची तर आधी समिती बसवावी लागते. बाहेर ढोल वाजतोय, पोरं लाकडी बैल घेऊन थांबलीत आणि आत साहेब समितीबद्दल बोलतायत. तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तुला आयतंच मिळालं आहे. तू नुसती गप्प राहिली असतीस तरी मारबत तुझी झाली असती, कायमची, आणि कुणी तुला दोषही दिला नसता. मी तुझ्याकडे बघत उभी राहिले. खरं सांगू, त्या घटकेला आपली मैत्री राहते की जाते याचीच मला धास्ती वाटत होती.

नामदेवकाका आत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, आम्ही गल्लीची कावीळ हिले देल्ली. तुम्ही ते वर्षभर सांभाळून ठेवता काय?"

तू वाकून त्या टाचेकडे पाहिलंस. मग खोलीत गेलीस, स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आलीस, जमिनीवर बसलीस आणि त्या टाचेवरचा आकडा पुसून टाकलास. तोही मोजे घालून, हळूहळू, खालचा रंग न खरवडता. साहेब बघतच राहिले. तुला लेखी ताकीद मिळाली, बढती लांबली, ते सगळं तू हसण्यावारी नेलंस. त्या सकाळी मिरवणुकीतून जाताना मी विचारलं, तुला कधीपासून हे पटायला लागलं? तू म्हणालीस, "मले काहीच पटलं नाही. कावीळ कागदात भरते हे मी काहून मानू? पण त्याईनं तिले जे देल्लं ते माझं नाही ना वं. मी ते कसं ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर कपाट तसंच होतं. आत काही नव्हतं, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी तेवढी होती: मारबत. काल जाळली. पुढच्या पोळ्याआधी परत येईल. साहेबांनी ती काढायला सांगितली, तू काढली नाहीस. लोक त्या रिकाम्या कपाटापुढे जितका वेळ उभे राहायचे, तितका वेळ माझ्या कुठल्याही मूर्तीपुढे राहात नसत. मग दर वर्षी तेच. पंधरा दिवस मारबत, आणि बाकी वर्षभर तुझी चिठ्ठी. तुझा जपानी सुतार नागपूरला आला तेव्हाही कपाट रिकामंच होतं. त्यानं चिठ्ठीचा अर्थ विचारून घेतला आणि एकच प्रश्न केला, पुढच्या वर्षीची कोण बनवणार? तू रात्री माझ्यावर फणफणत म्हणालीस, "हा तं तुझ्या बाजूचा निघाला वं." मला तर वाटतं, इंदू, तो तुझ्याच बाजूचा होता.

कारण त्यानंतर तू तोच प्रश्न धरून बसलीस. काकांची बोटं वाकडी होत चालली होती. एक मुलगा कळमन्याच्या बाजारात मापाडी झाला होता, दुसरा भिलाईला. तू दर वर्षी मला ऐकवायचीस की हे हात गेले की तुझी मारबतही गेली, तेव्हा रडत माझ्याकडे येशील आणि माझ्याकडेही काही नसेल. एक ठेवू द्या वं, फक्त एक. मी दर वर्षी म्हणायची, कोणी तरी बनवेल. कोण बनवेल ते मला ठाऊक नव्हतं, पण हटायचं नाही एवढं ठाऊक होतं. दवाखान्यातसुद्धा, नळ्या लावलेल्या असताना, तू नर्सला सांगितलंस की ही माझी मैत्रीण, चांगली आहे पण चुकीची आहे. नर्स हसली, मी हसले, आणि मग मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. मला तुझी फार आठवण येते, इंदू. डबा उघडते आणि कुणाला टोचून बोलावं ते कळत नाही.

आता कालचं सांगते, त्यासाठीच तर लिहायला बसले.

तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याला काका आले होते, मागे भिंतीला टेकून बसले होते. काल सकाळी मारबत संग्रहालयातून परत न्यायची वेळ आली. गल्ली फाटकात आली, पण ढोल वाजवला नाही. काका कपाटापाशी आले. यंदाची त्यांना एकट्यानं जमली नव्हती, चेहरा जरा तिरपा झाला होता, पण डोळे त्यांचेच. ते मला म्हणाले, "नलूबाई, यंदा हिले नेत नाही आम्ही. राहू द्या इथंच. इंदूबाईची लय इच्छा होती. अन् माझ्यानं आता दुसरी होणार नाही." गल्लीतल्या बायांनी माना हलवल्या. एकीचं पोर तापानं फणफणलेलं होतं, आणि तीही मान हलवत होती.

इतकी वर्षं तू जे मागत होतीस ते माझ्या हातात आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तिच्या टाचेवर आकडा घालायला तुझा ब्रशही तिथेच होता. तू जिंकली होतीस, इंदू, आणि ज्यांच्याशी भांडलीस त्यांनीच तुला जिंकवलं होतं, तेही प्रेमानं. मी काकांकडे पाहिलं. ते ठेवा म्हणत होते आणि त्यांचा हात मारबतीच्या खांद्यावरून निघत नव्हता. ती बाई मान हलवत होती आणि पोराचा तळवा काचेवर घासत होती.

मी म्हटलं, उचला.

ढोल वाजला. आम्ही तिला नाल्यापलीकडे नेलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले, त्या पोराचा ताप घेऊन जा म्हटलं, आणि मनातल्या मनात आणखीही काही घेऊन जा म्हटलं, ते तिनं नेलं नाही. काकांनी आग लावली. कामट्या तडतडल्या आणि ती पाहता पाहता बसली. पुढच्या वर्षीची कोण करेल, मला माहीत नाही. आज सकाळी कपाटात तुझी चिठ्ठी ठेवायला गेले. "काल जाळली" इथपर्यंत खरं आहे. पुढच्या ओळीवर, त्या "परत येईल"वर, मी हात ठेवून उभी राहिले.

आपल्या प्रत्येक भांडणात तू काय म्हणणार हे मला आधीच कळायचं आणि मी उत्तर तयार ठेवायची. कालपासून मी तुला विचारते आहे की मी बरोबर केलं की चूक, आणि पहिल्यांदाच मला तुझं उत्तर ठाऊक नाही.